गोदामातल्यानं आघाडीवरच्याला काय सांगायचं?

ताई,

मराठीत लिहायची सवय मोडली आहे, चुका सांभाळून घ्या. मी बारा वर्षांचा असताना आईबाबांबरोबर अमेरिकेत आलो. शाळा संपल्यावर इथल्या सैन्यात भरती झालो आणि सहा वर्षं काढली, सगळी पुरवठा विभागात, कॅन्ससमधल्या फोर्ट रायलीला. परदेशी मोहिमेवर मला एकदाही पाठवलं नाही. आता जीआय बिलावर, म्हणजे माजी सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च उचलणाऱ्या सरकारी योजनेवर, इंजिनिअरिंग करतोय, तिसरं वर्ष आहे. या सत्रापासून कॉलेजच्या माजी सैनिक कार्यालयात 'पीअर अ‍ॅडव्हायझर' म्हणून कामाला लागलो. नव्याने आलेले पाच माजी सैनिक माझ्याकडे दिले आहेत. चौघांचं ठीक चाललंय. पाचवा मरीन होता, म्हणजे मरीन कोअर या अमेरिकी लढाऊ दलातला. माझ्यापेक्षा वयानं मोठा, अफगाणिस्तानात दोनदा जाऊन आलेला, दोन मुलांचा बाप. कितीही मेसेज करा, उत्तर एकच: 'ऑल गुड, ब्रदर.' आमच्या लाउंजमध्ये कधी फिरकला नाही. संख्याशास्त्राचा वर्ग त्यानं मध्येच सोडला, असं दुसऱ्याकडून कळलं.

परवा पार्किंगमध्ये दिसला. आपल्या ट्रकमध्ये नुसता बसून होता. दोन मिनिटं बोललो. निघताना म्हणाला, 'कधी कधी वाटतं, तिथून परत आलोच नसतो तर सगळ्यांचंच बरं झालं असतं.' मी काहीतरी हसून बोललो आणि निघून आलो. तेव्हापासून फोन उशाशी घेऊन झोपतो. मी त्याला काय सांगणार? तो लढत होता तेव्हा मी गोदामात ब्लँकेटं मोजत होतो. आणि ऑफिसात हे सांगितलं तर त्याचा विश्वासघात होईल ना?

— गोदामवाला

प्रिय गोदामवाल्या,

तुझं पत्र वाचल्या वाचल्या मी तुला खासगी उत्तर पाठवलं होतं. तुझ्या परवानगीनं ते इथे जरा सविस्तर लिहिते आहे, कारण अशा जागी बसलेला तू एकटाच नाहीस. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

पार्किंगमधलं ते वाक्य तू पत्राच्या शेवटाकडे लिहिलंस. मी सुरुवात तिथूनच करते. 'परत आलोच नसतो तर बरं झालं असतं' हे थकलेल्या माणसाचं नुसतं बोलणं असू शकतं. मरणाचा विचार मनात घर करून बसल्याची खूणही असू शकते. यातलं काय खरं, हे तुला बाहेरून ओळखता येणार नाही, मला तर नाहीच. ते कळायचा एकच मार्ग आहे, त्याला विचारणं. तेही आडवळणानं नको. 'तू तसं काही करणार नाहीस ना?' असं विचारलंस की समोरचा 'छे छे' म्हणून मोकळा होतो, कारण कुठलं उत्तर हवंय ते प्रश्नानंच सांगितलेलं असतं. सरळ विचार: 'परवा तू जे म्हणालास ते माझ्या डोक्यातून जात नाहीये. स्वतःला संपवायचे विचार येतात का तुला?' आणि मग गप्प राहा. लगेच उत्तर आलं नाही तरी गप्पच राहा.

असं विचारलं तर नसलेला विचार त्याच्या डोक्यात शिरेल, अशी भीती बहुतेकांना वाटते. तसं होत नाही. या प्रश्नावर झालेल्या अभ्यासांत विचारल्यामुळे धोका वाढल्याचं आढळलेलं नाही. उलट कोणीतरी नाव घेऊन विचारलं, याचा बऱ्याच जणांना आधार वाटतो. माजी सैनिकांचा कारभार पाहणाऱ्या सरकारी खात्यानं, म्हणजे तुझ्या व्हीएनं, याच कामासाठी 'सेव्ह' नावाचं छोटं प्रशिक्षण तयार केलं आहे. ऑनलाइन आहे, फुकट आहे, कोणालाही घेता येतं. खुणा ओळखणं, विचारणं, त्याचं म्हणणं खरं मानून ऐकणं आणि मदतीपर्यंत लवकर पोचवणं, एवढाच त्याचा गाभा. तुला कामावर घेताना कार्यालयानं ते करून घेतलं नसेल तर आजच बसून कर. पण त्याला विचारण्यासाठी प्रशिक्षण संपायची वाट पाहू नकोस.

तो 'हो' म्हणाला, तर त्याला एकटं सोडून निघू नकोस. त्याच्याशेजारी बसूनच ९८८ लाव आणि १ दाब. ही माजी सैनिकांसाठीची संकटकालीन लाइन, दिवसरात्र चालू. बोलवत नसेल तर ८३८२५५ वर मेसेज करता येतो. त्याची व्हीएत नोंदणी नसली तरी चालतं. तो फोन घ्यायला तयार नसेल तर तू स्वतः लाव, मित्रासाठी फोन करणाऱ्यांशीही ते बोलतात. धोका अगदी समोर दिसत असेल तर जवळच्या इमर्जन्सीत घेऊन जा. बिलाच्या धास्तीनं तो नाही म्हणेल, म्हणून हे आधीच ठाऊक असू दे: जानेवारी २०२३ पासून आत्महत्येच्या संकटात असलेल्या बहुतेक माजी सैनिकांना व्हीएच्या किंवा बाहेरच्याही रुग्णालयात तातडीचे उपचार मोफत मिळतात. त्यात ३० दिवसांपर्यंत दाखल राहणं आणि ९० दिवसांपर्यंत बाहेरून उपचार घेणं, दोन्ही येतं.

आणखी एक प्रश्न आहे. तो विचारताना तुला अवघडल्यासारखं होईल, तरी विचार. घरात बंदूक आहे का, आणि ती कुठे ठेवलेली असते? अमेरिकेत आत्महत्या करणाऱ्या माजी सैनिकांपैकी दहातले सातहून अधिक जण बंदुकीनं जीव देतात, हे व्हीएच्याच वार्षिक अहवालांत आहे. मनातला तो कडेलोटाचा क्षण पुष्कळदा थोडाच वेळ टिकतो. तेवढ्या वेळात हत्यार हाताशी नसेल तर माणूस वाचतो. शस्त्र बाळगण्याचा त्याचा हक्क कोणी काढून घेत नाहीये, हे तू त्याला एक सैनिक दुसऱ्या सैनिकाला सांगतो तसं सांगू शकतोस. काही दिवस बंदूक भावाकडे किंवा मित्राकडे ठेवता येते. व्हीए बंदुकीची केबलची कुलुपं फुकट देतं, तुमच्या कार्यालयातही मिळतात का ते बघ. चार कुलुपं तुझ्या खणात पडलेली असू देत. या विषयावर तुझ्यासारख्याचं ऐकलं जातं. मी सांगितलं तर तो दार लावून घेईल.

तो 'नाही' म्हणाला तरी आपल्या वरिष्ठांना सांगायचंच. आणि इथे तुझा विश्वासघाताचा प्रश्न येतो.

हा प्रश्न तुला पडला, याचा मला आनंद आहे, कारण ज्याला तो पडत नाही त्याच्याकडे कोणी मन मोकळं करू नये. पण गुपित राखण्याची कबुली तू त्याला दिलेली नाहीस, आणि ती देण्याचा अधिकारही तुला नाही. तू समुपदेशक नाहीस, डॉक्टर नाहीस, धर्मगुरूही नाहीस. पहिल्याच भेटीत हे शब्दांत सांगून टाकायचं असतं: 'तू बोललेलं मी इकडे तिकडे करणार नाही. पण तुझ्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका आहे असं वाटलं, तर मी गप्प बसणार नाही.' तुझ्याकडून ते राहून गेलंय, तर आता सांग. कार्यालयात जायच्या आधी त्याला सांग. 'मी हे आमच्या संचालकांना सांगणार आहे. तू बरोबर आलास तर बरं, नाही आलास तरी मी सांगणार.' तो चिडेल, काही दिवस बोलणार नाही. चालेल. पाठीमागे सांगितलेलं नंतर कळलं तर मात्र तो तुलाच नव्हे, सगळ्या कार्यालयाला कायमचा मुकेल.

आता त्या ब्लँकेटांबद्दल.

तुझ्या या संकोचाला मी उगाच उडवून लावणार नाही, कारण त्यात तथ्य आहे. समदुःखी माजी सैनिकांनी एकमेकांना सावरण्याची ही पद्धत अमेरिकेत रुजली ती व्हिएतनामहून परतलेल्यांमुळे. १९७० मध्ये न्यूयॉर्कमध्ये युद्धाला विरोध करणाऱ्या माजी सैनिकांनी गोल करून बसायला सुरुवात केली. रॉबर्ट लिफ्टन आणि चेम शातान हे मनोविकारतज्ज्ञ त्यांच्यात बसत, पण तज्ज्ञ म्हणून पुढाकार न घेता. सरकारी रुग्णालयांवर या मुलांचा विश्वास राहिला नव्हता, आणि त्यांना जे होत होतं त्याला वैद्यकाच्या पुस्तकात तेव्हा धड नावही नव्हतं. 'पीटीएसडी', म्हणजे भयंकर आघातानंतर जडणारा मानसिक विकार, हे निदान अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत सूचीत आलं ते १९८० मध्ये. त्याच्या आदल्या वर्षी, १९७९ मध्ये, अमेरिकेच्या संसदेनं माजी सैनिकांसाठी 'व्हेट सेंटर' नावाची समुपदेशन केंद्रं सुरू केली. ती मुद्दाम रुग्णालयांच्या आवाराबाहेर, वस्तीत ठेवली. तिथे समोर बसलेला माणूस बऱ्याचदा स्वतः युद्ध पाहून आलेला असतो. तर युद्धाबद्दल बोलायला युद्ध पाहिलेला माणूस लागतो, हे तुझं म्हणणं त्या पहिल्या पिढीनंही मान्य केलं असतं. ते काम तुझं नाहीच. तू ते करू नकोस.

मात्र कॉलेजनं तुला ज्या कामावर नेमलंय ते वेगळं आहे. त्या मरीनला अफगाणिस्तान तुझ्याकडून समजून घ्यायचं नाही. त्याला समजून घ्यायचंय कॉलेज. अठरा-एकोणीस वर्षांची मुलं आजूबाजूला खिदळताहेत, प्राध्यापक वेळेवर येत नाहीत आणि त्याबद्दल कोणी काही म्हणत नाही, आपण काय करावं हे सांगणारं कोणीच नाही, वर्गात कोणीतरी सहज विचारतं की 'तू कोणाला मारलंस का?', आणि संध्याकाळी घरी मुलांचा अभ्यास घ्यायचा असतो, आपला मात्र राहिलेला असतो. गणवेश उतरवल्यावर माणूस कसा अधांतरी होतो, ते तुला ठाऊक आहे. सहा वर्षं रोज पहाटे कोणीतरी हजेरी घेत होतं, आणि एक दिवस ती थांबली. या बाबतीत तू त्याच्या दोन वर्षं पुढे आहेस. त्या दोन वर्षांवर तुझा पूर्ण हक्क आहे.

एक जुनी गोष्ट सांगते, म्हणजे तुझं काम कुठून आलं ते लक्षात येईल. पहिलं जीआय बिल १९४४ चं, रूझवेल्ट यांच्या सहीचं. त्याच्या जोरावर दुसऱ्या महायुद्धातले सुमारे २२ लाख माजी सैनिक कॉलेजात गेले. १९४७ मध्ये तर अमेरिकेतल्या कॉलेज-प्रवेशांत जवळपास निम्मे तेच होते, ४९ टक्के. लष्कराच्या उरलेल्या पत्र्याच्या बराकींत वर्ग भरत, बायकामुलांसह आलेल्यांच्या वसाहती कॅम्पसच्या कडेला उठल्या. त्यांना पीअर अ‍ॅडव्हायझरची गरज नव्हती, शेजारच्या बाकावरचा, शेजारच्या खोलीतला माणूस आपल्यासारखाच होता. १९७३ मध्ये सक्तीची भरती बंद झाली. आज सैन्यात जाणारे थोडे, त्यातून कॉलेजात येणारे आणखी थोडे, आणि तेही हजारो विद्यार्थ्यांत विखुरलेले. दोनशे मुलांच्या वर्गात दोन माजी सैनिक असले तरी त्यांना एकमेकांचा पत्ता नसतो. पूर्वी आपोआप मिळणारी सोबत आता कोणीतरी मुद्दाम घडवावी लागते. २००८ मध्ये स्टुडंट व्हेटरन्स ऑफ अमेरिका ही संघटना उभी राहिली ती यासाठी, आणि पुढे मिशिगन विद्यापीठानं तिच्या साथीनं 'पेव्ह' हा उपक्रम सुरू केला. त्यात नव्या माजी सैनिकाला जुना जोडून देतात, आणि नवा मदत मागेल याची वाट न बघता जुना स्वतःहून विचारपूस करत राहतो. मला ही दुसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. सैन्यात मदत मागणं म्हणजे तुकडीवर ओझं होणं, असं अंगात भिनलेलं असतं. जो मागत नाही त्याच्यासाठीच हे काम आहे.

तेव्हा त्याला पहिल्यांदाच सांगून टाक, 'मी सप्लायमध्ये होतो, बाहेर कधी गेलो नाही.' एवढंच. पुढे माफी नको, विनोदही नको. तुझ्या मनातली ही लाज त्याला सांभाळायला लावू नकोस, त्याच्याकडे स्वतःचं पुरेसं आहे. आणि तो कधी युद्धाबद्दल बोललाच तर ऐक. खोदून विचारू नकोस, त्याच्या तोडीची दुसऱ्या कोणाची गोष्ट काढू नकोस, 'मी समजू शकतो' असं तर मुळीच म्हणू नकोस.

'ऑल गुड, ब्रदर' हे उत्तर येतं, कारण प्रश्नच तसा असतो. 'कसं चाललंय?' ला दुसरं काय उत्तर देणार? त्याला काम सांग. तुझ्या हातात एक काम आयतं आहे: तो सोडलेला वर्ग.

तू दोन वर्षं जीआय बिलावर काढली आहेस, म्हणजे हे तुला माहीत असेल, त्याला असेलच असं नाही. २००९ पासून लागू झालेल्या नव्या जीआय बिलात राहण्याचा भत्ता किती विषय घेतलेत त्यावर ठरतो. मुदतीनंतर विषय सोडला की कॉलेजचा प्रमाणन अधिकारी तो बदल व्हीएला कळवतो. मग भत्ता कमी होतो, आणि आधी दिलेल्यातला काही भाग परत मागणारं पत्र येऊ शकतं. मुलांचं आजारपण, प्रकृती, नोकरीची बदललेली वेळ असं सबळ कारण असेल तर ते लेखी कळवता येतं. पहिल्यांदाच सोडणाऱ्याला सहा क्रेडिटपर्यंत (साधारण दोन विषयांपर्यंत) एकदा सूटही मिळते. पण ज्याला हे माहीत नाही त्याच्या हातात घरी एक सरकारी लिफाफा पडतो, आत कर्जाचा आकडा. त्या ट्रकमध्ये बसून तो नेमका कशाचा विचार करत होता, हे आपल्याला माहीत नाही. पण दोन सत्रांच्या मधल्या सुट्टीत भत्ता येत नाही, हे त्याला हिवाळ्यात भाडं भरायच्या दिवशी कळू देऊ नकोस.

म्हणून मेसेज असा कर: 'मंगळवारी दोन वाजता मी प्रमाणन अधिकाऱ्याकडे जातोय. तू स्टॅट्स सोडलंस ना, त्याचा कागद आत्ताच केला तर पैसे परत करायची वेळ टळू शकते. खाली दारापाशी थांबतो.' यात उपकार नाही, चौकशी नाही, फक्त वेळ, जागा आणि काम आहे. सैनिकाला हे कळतं. ठरलेल्या वेळी खरंच दारापाशी उभा राहा. आला नाही तर 'हरकत नाही, गुरुवारी पुन्हा जातोय' एवढंच लिही. आला तर तिथे तू बोलू नकोस, त्याला बोलू दे. अधिकाऱ्यानं एखादा शब्द भराभर म्हटला आणि त्याच्या कपाळावर आठी आली की तेवढा शब्द तू सोपा करून सांग. बाहेर आल्यावर शेजारी शेजारी चालत जाताना जे बोलणं होतं, ते समोरासमोर खुर्च्या टाकून होत नाही. जिवाचा तो थेट प्रश्न मात्र मंगळवारपर्यंत थांबवायचा नाही. तो आज विचार, कागदाचं नंतर.

लाउंजचं मनाला लावून घेऊ नकोस. दोन मुलांचा बाप दुपारी चारला सोफ्यावर येऊन बसेल कसा? शिवाय काही जण सैन्य सोडतात ते सैन्यापासून दूर व्हायलाच, त्यांना पुन्हा झेंडे आणि बिल्ले लावलेल्या खोलीत बसायचं नसतं. स्त्रियांचं तर विचारूच नकोस. अशा खोलीत आलेल्या बाईला 'तुमचा नवरा कुठल्या तुकडीत होता?' असं विचारलं जातं, ती स्वतः सैनिक होती हे कोणाच्या ध्यानात येत नाही, आणि मग ती पुन्हा येत नाही. तुझ्या पाचांत कोणी स्त्री असेल तर तिला लाउंजबाहेर भेट, आणि तिला हवी असेल तर एखाद्या माजी सैनिक स्त्रीशी जोडून दे. आधार ही जागा नव्हे. जिथे त्या माणसाला जमेल तिथे तो पोचवायचा.

अभ्यासाचं एक झटकन सांगते. कानात सतत आवाज येणं ही व्हीएकडे नोंदल्या गेलेल्या सेवाजन्य व्याधींत सगळ्यात जास्त आढळणारी. डोक्याला बसलेल्या मारानं एकाग्रता जाते, झोप नसते. कॉलेजच्या अपंगत्व सहाय्य कार्यालयातून परीक्षेला जादा वेळ, शांत खोली, नोंदी घेण्याची सोय मिळते, तो कायद्यानं दिलेला हक्क आहे. माजी सैनिक तिथे जात नाहीत, कारण 'ते पाय गमावलेल्यांसाठी आहे, मी कशाला जागा अडवू' असं त्यांना वाटतं. तिथे कोणाची जागा अडत नाही, हे सांगायला तू आहेस. संख्याशास्त्र त्यानं न समजल्यामुळे सोडलं की वर्गात बसवेना म्हणून, हे मात्र विचारून घे. दोन्हींवरचे उपाय वेगळे.

युद्धाचं ओझं उतरवायला त्याच्यासाठी व्हेट सेंटर आहे. समुपदेशन मोफत, त्याच्या संमतीशिवाय तिथली माहिती व्हीएच्या रुग्णालयाकडेही जात नाही, आणि बायकोला बरोबर नेता येतं. तुझं काम त्याला त्या दारापर्यंत नेण्याचं. नंबर हातात देऊन सुटू नकोस. 'मी लावतो, पहिल्यांदा मी बोलतो, मग तू बोल,' असं म्हण.

आता तुझ्याबद्दल, आणि हे मी तुझ्या कार्यालयालाही ऐकवू इच्छिते. फोन उशाशी घेऊन झोपणारा विद्यार्थी ही कुठल्याही कार्यालयाची संकटकालीन व्यवस्था असू शकत नाही. संचालकांना तीन गोष्टी विचार. रात्री काही घडलं तर मी कोणाला कळवायचं? आठवड्यातून एकदा माझ्याशी या पाच जणांबद्दल कोण बोलणार? आणि माझ्या परीक्षेच्या आठवड्यात हे काम कोण पाहणार? उत्तरं लेखी माग. पाचही जणांना सांग की रात्री दहानंतर तुझा फोन बंद असतो, आणि त्या वेळेसाठी ९८८ नंतर १ हा नंबर आहे. हे सांगायला तुला कठोर वाटेल. पण तू पहाटे तीनला झोपेतून उठून जे बोलशील, त्यापेक्षा तिथे बसलेला जागा, शिकलेला माणूस त्याला जास्त उपयोगी पडेल.

आणि ती गोदामातली सहा वर्षं. तू पत्रात स्वतःच्या सेवेबद्दल जे चार शब्द लिहिलेस, ते एखाद्यानं गुन्हा कबूल करावा तसे आहेत. ज्या सैन्याला ब्लँकेट वेळेवर मिळत नाही ते सैन्य लढत नाही, हे तुला मी सांगायला नको, ते तुझ्या त्या मरीनला विचार. तरीही ही लाज माझ्या दोन वाक्यांनी जाणारी नाही, आणि ती तशीच मनात राहिली तर तू प्रत्येक लढून आलेल्या माणसासमोर कमीपणा घेऊन उभा राहशील. व्हेट सेंटर पूर्वी मुख्यतः युद्धभूमीवर गेलेल्यांसाठी होतं. २०२२ च्या कायद्यानं जीआय बिलावर शिकणाऱ्यांनाही ते खुलं झालं, म्हणजे तुलासुद्धा. बऱ्याच केंद्रांत संध्याकाळची आणि शनिवार-रविवारची वेळ मिळते. त्याच्यासाठी फोन लावशील तेव्हा एकाच फोनमध्ये दोन वेळा मागून घे, एक त्याच्यासाठी, एक तुझ्यासाठी.

तुझी,
ताई